बाबूरावाची बाराबंदी

…आणि वर मामा विचारतोय, “बंद कुठल्या बाजूला?” अहो, कुठल्या बाजूला काय, कुठल्या बाजूला! इथं माणूस उभ्या उभ्या घुसमटतोय, हात खाली येत नाहीत, पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही, आणि ह्यांना बाजू पाहिजे! बाबूरावाला वाटतंय, शिंप्याला चार शिव्या हासडाव्यात, तर शिंपी हाच. स्वतःच शिवलेली, बोलणार कुणाला?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल कोण बाबूराव नि कसली बाराबंदी. बाबूराव रत्नागिरीकडचा. जहाजात बसून मॉरिशसला आला, सूयाकजवळच्या मळ्यावर ऊस तोडता तोडता पहिला करार संपला, दुसरा सुरू झाला. मळ्यावर कपडे मिळायचे, नाही असं नाही. वर्षाला एक धोतर, एक जाकीट. जाकीट सगळ्यांना एकाच मापाचं! जाड्याला ते दंडावर अडायचं, आणि बाबूरावासारख्या काटकुळ्याच्या अंगात शिरलं की आत आणखी एक माणूस मावेल. पण चाललं होतं. कुंती दिसेपर्यंत चाललं होतं.

कुंती दिसली एका लग्नात. पांपलमूसच्या जयरामाची लेक. गर्दीत बाबूराव वाटेत उभा, तर मागून आवाज, “वाईच सरका की ओ!” आता तुम्हाला सांगतो, आजूबाजूला वर्षानुवर्षं भोजपुरी, तमिळ, क्रियोल ऐकून कान किटलेला माणूस… ‘वाईच सरका’ ऐकलं आणि गडी जो सरकला, तो सरकतच गेला. पुढं महिनाभर ऊस तोडताना आपला एकटाच म्हणतोय, वाईच सरका, वाईच सरका… ऊस कशाला सरकतोय?

शेवटी मागणी घातली. जयरामाचा निरोप आला, “पोरगी देऊ. पण माणूस आपल्यातलाच कशावरून? जहाजावरनं उतरलेला जो तो सांगतो, मी अमुक गावचा नि तमुक घरचा. बाराबंदी घालून या म्हणावं. आपल्या माणसाला बाराबंदी माहीत असणारच!”

माहीत? अहो, कशी माहीत असणार? बाबूरावाच्या उभ्या जन्मात बाराबंदी अंगाला लागली नव्हती. गावात ती एकट्या खोताच्या अंगावर. आणि खोत समोर आला की ह्यानं खाली मान घालून उभं राहायचं. त्यामुळं खोताचे जोडे विचाराल तर बाबूराव टाचेच्या खिळ्यासकट सांगेल. वरचं काय होतं, देवाला ठाऊक!

बरं, शिवणार कोण? इथले शिंपी विजारी शिवणार, झगे शिवणार. बाराबंदी म्हटलं की तोंडाकडं बघत बसणार. तेव्हा गडी म्हणाला, आपणच शिवू. आलं काय त्यात! मायदेशी असताना गलबतांची शिडं नव्हती का शिवली? शिवली होती की. शिडंच शिवली होती! दाभण, सुतळीएवढा दोरा, आणि टाके असे की वादळ आलं तरी हलणार नाहीत.

कापड तरी कुठलं आणलं? दुकानातलं पातळ, निळं. नवरदेव निळा कसा चालेल? म्हणून गेला बंदरावर, साखर नेणाऱ्या होड्यांपाशी, आणि कोऱ्या शिडाचा उरलेला तुकडा मागितला. होडीवाला क्रियोल हसून म्हणतो, “की तो पू फेर आर सा?” ह्याचं काय करणार म्हणून. बाबूराव छाती काढून म्हणाला, “लगीन!” होडीवाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं तुकडा देऊन टाकला आणि कपाळावरून क्रूस केला.

मग शिवण सुरू. दिवसभर ऊस, संध्याकाळी दाभण. हातांची चाळण झाली. बंद बारा, एवढं नावावरून कळतं, पण लावायचे कुठं? लावले अंदाजानं. घालून बघतो तर दोन पाठीवर! उसवले, पुन्हा लावले, तर एक बाही उलटी! पुन्हा उसवली. शेवटी झाली एकदाची. खाली ठेवली, तर पडेना! उभी! आत कुणी नसताना बाराबंदी खोपटात उभी, आणि बाबूराव तिच्यापुढं दमून बसलेला. कोण कुणाला घालणार, काही कळेना. पण स्वतःच शिवलेली, बोलणार कुणाला?

रजा मिळाली, बाराबंदी चढवून पांपलमूसला निघाला. थोडा बैलगाडीतून, बाकी सगळा पायी. निघताना वारं सुटलं ते थेट बाराबंदीत भरलं. चढावर बरं वाटलं हो, आपोआप ढकलल्यासारखं, पण उतारावर थांबता येईना! ओढ्यावर धुणं धुणारी एक बाई ओरडली, “आयो, कापितेन!” कप्तान झाला बिचारा, बिनजहाजाचा.

आणि फिनिक्सच्या माळावर पाऊस. तिथला पाऊस माहितीय ना? निमित्त लागत नाही त्याला. कोरं कापड भिजलं, आणि भिजलं तसं आटायला लागलं. पुढं पांपलमूसचं ऊन! बाराबंदी वाळली, कडक झाली, बाह्या आखडल्या, हात दोन्हीकडं वल्ह्यांसारखे ताठ. काढावी म्हटलं, तर गाठी सुटेनात. शिडाच्या गाठी त्या, वादळाला न सुटणाऱ्या!

असा तो जयरामाच्या अंगणात उभा राहिला. बसता येत नव्हतं म्हणून उभा. जयरामानं एक फेरी मारली. कुंतीच्या मामानं, कृष्णदेवानं, दुसरी मारली.

“बंद उजवीकडं पाहिजेत,” जयराम म्हणाला.

“कोण सांगतो? आमच्याकडं डावीकडं असतात!” मामा म्हणाला.

“तू बेटावर आलास तेव्हा आईच्या कडेवर होतास. तुला काय आठवतंय?”

“आणि तुला? तुझ्या बापानं कधी घातली होती का?”

जयराम उगाच एकेक बंद चाचपायला लागला. बाबूरावानं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे ह्यांनाही माहीत नाही! कुणालाच माहीत नाही! एवढी हातांची चाळण झाली, एवढी वाट तुडवली, ती कशासाठी? पण ओरडणार कसा? छातीत हवा तर जायला हवी!

तेवढ्यात कुंती पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“घ्या.”

“घेतो.”

“मग घ्या की!”

“हात… वाकत न्हाईत.”

कुंतीनं त्याच्याकडं पाहिलं. बाह्यांकडं पाहिलं. मग बोटांकडं, दाभणानं फोडलेल्या. हसू आलेलं तिनं ओठात दाबलं, पुढं झाली आणि म्हणाली, “आ करा.” भर अंगणात, बापादेखत, मामादेखत तिनं त्याच्या तोंडात पाण्याची धार धरली. आणि बाबूराव प्याला. सगळा तांब्या प्याला.

“अगं बया!” आतून तिची आई किंचाळली. “परक्या पुरुषाला पाणी पाजलंन्!”

“परका कसला आता,” जयराम धपकन खाली बसत म्हणाला. “जावई म्हणा.”

ठरलं, तुम्हाला सांगतो, असं ठरलं! बाबूरावाचे डोळे भरून आले. पुसायला हात येईना, ते कुंतीनं बघितलं आणि पदर पुढं केला. कोयता आणून तिनंच त्याला त्या बाराबंदीतून कापून मोकळा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गडी पोटभर श्वास घेतोय, तोच जयराम कापलेला तुकडा बोटांत चोळत म्हणाला,

“कापड मजबूत हाय हो जावईबापू. लग्नात मलाही असलीच एक पाहिजे. जरा सैल.”

“मलाही,” मामा म्हणाला. “बंद डावीकडं.”

बाबूरावानं एकदा कुंतीकडं पाहिलं. मग सुस्कारा सोडून म्हणाला,

“माप द्या.”