फटफटीचे दोन जादा दिवे

…न्हाय न्हाय, दुरुस्त न्हाय करायचे, गुलाबमिस्त्री, काढायचेत. दोन्ही. बसवून दीड म्हैना बी झाला न्हाय, कबूल – पर बॅटरी खात्यात हो. सकाळी किका मारून मारून मांडी भरून येती. तुमीच म्हणला होता की, ही सहा व्होल्टाची बॅटरी, हिला जादाचा एक दिवा झेपंल, दोन न्हाय झेपायचे. तुमचंच खरं झालं म्हणा आन् काढा. अकराला संस्थेची मीटिंग हाय, दूध संस्थेची, आन् सचिवाशिवाय मीटिंग कशी व्हायची? आन् नुस्ते दिवे नका काढू – पट्ट्या बी काढा, वायरी बी वढून घ्या. भोकं पडली असतील तिथं जरा गिरीस फासा. हितं कवा दिवे होते असं दिसाय नको.

असं काय बघताय? गाडी माझी, दिवे माझे. माझीच हौस नडली, दुसरं काय. चेअरमन हिंमतरावांच्या जीपला म्होरं दिवे आले आन् माझ्या पोटात दुखाय लागलं. तुमी पिवळा दावला होता, एकच – धुळीत पिवळा बरा म्हणला, समोरच्याच्या डोळ्यात जात न्हाय. म्या पांढरेच उचलले, तेबी सगळ्यात मोठे. मग तुमी म्हणला, बलभीमदादा, गाडीवर बसा, मागं जेवढं वझं नेता तेवढं ठिवा, भिंतीवर उजेड पाडून बघू आन् मग नट आवळू. म्या बसलो का? न्हाय बसलो. स्टँडवरच आवळा म्हणलं, घाई हाय. कसली घाई? कसली बी न्हाय. तिन्हीसांजंला दूध घालाय सगळं गाव संस्थेपुढं जमतं, त्या टायमाला दिवे लावून तिथं जायचं होतं. एवढीच घाई.

पाना चालू ठिवा, बोलता बोलता काम हुतंय. गोरोबाचं तुमच्या कानावर आलं असंल की. आमच्या संस्थेचा गाडीवान हो – गावातनं दुधाचे कॅन बैलगाडीत घालून सडकंला नेतो, तिथनं ट्रक उचलतो. बारा वरसं झाली, एक दिस खाडा न्हाय. गेल्या सोमवारी राती नळीच्या पुलावर त्याची गाडी पालथी झाली. एका बैलाचा पाय मोडला, त्याचा सोत्ताचा खांदा निखळला, आन् नऊ कॅन दूध वढ्यात. ह्या असल्या सालात, मिस्त्री! छपराचा पाचोळा उपसून लोक म्हशीला घालत्यात, पोराला कोरा च्या पाजून दूध संस्थेला घालत्यात. मग बोलणारच. कुणी म्हणलं झोपला हुता, कुणी म्हणलं पेला हुता. गोरोबा आन् पेला! गळ्यात माळ हाय त्या माणसाच्या. पर आज मीटिंगीत त्याचं काम काढून टेंपोवाल्याला द्यायचं ठरलंय. ठराव म्याच लिवलाय. घरी बायको जाईबाई हाय, एक लेक लग्नाची, आन् एका बैलावर का शेती हुती? न्हाय हुत. पर पंचांनी इचारलं तवा तोच म्हणला, "डोळा लागला असंल माझा." म्हणला म्हणून म्या लिवलं. सचिवाचं काम काय – जे म्हणतील ते लिवायचं.

निघाला का एक? बरं झालं. ठिवा तिथं… न्हाय, पालथा ठिवा, काच खाली करून. – ह्या दिव्यांचं कसं हुतं सांगू का, रेस दिली की लख्ख, रेस सोडली की काजवा. पुलावर गाडी हळू घ्यावी तर म्होरचं कायच दिसंना. मग माणूस काय करतो? रेस देतो. शाणा माणूस थांबला असता. म्या दिली रेस. आन् मागं वझं असलं की गाडीचं बूड दबतं, तोंड वर हुतं, दिवे बी वर हुत्यात – हे तुमी आदीच सांगितलं हुतं. मागं पोतं हुतं. कसलं म्हंजे? पोतं. पेंडीचं. सरकी पेंडीचं… संस्थेचंच हो. दुष्काळाचं वाटप आलं हुतं, सभासदाला घरटी थोडं थोडं द्यायचं. त्यातलं एक पोतं माझ्या घरी चाललं हुतं. माझी बी म्हस उपाशीच हाय की! – आता सांगून बसलो तुमाला. बसलो तर बसलो.

गोरोबानं हात आडवा धरला हुता डोळ्याम्होरं. एवढंच दिसलं मला. बैल बुजले, म्या बगलंनं फटफटी काढली, आन् मागं कॅन गडगडत गेल्याचा आवाज आला – एक, मग दुसरा, मग मोजाय झालं न्हाय. थांबलो न्हाय मी. थांबलो असतो तर लोक आले असते आन् पोतं दिसलं असतं. घरी गेलो, पोतं कडब्याखाली सारलं, आन् मग सगळ्यांच्या संगं पुलावर पळत आलो. म्याच उचलला त्याला. म्याच इचारलं, काय झालं रं गोरोबा. लाज वाटती मिस्त्री, पर इचारलं. आन् त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणला, काय कळलंच न्हाय दादा.

कळलं न्हाय कसं? माझ्या फटफटीचा आवाज तो झोपंतनं बी वळखतो. गावात दुसरी हाय कुणाची? – मग कशापायी बोलला न्हाय म्हंता? बहात्तरच्या दुष्काळात म्या खडीच्या कामावर मुकादम हुतो. ह्याची जाईबाई पोटुशी, आठवा म्हैना, हातोडा उचलवंना. म्या तिला लिंबाखाली बसवली, बायांची तान्ही पोरं राखाय, आन् हजेरी लावत ऱ्हायलो. लई मोठं काय केलं न्हाय, एक रेघ वढायची रोज. ते ह्या येड्यानं जपून ठिवलंय इतकी वरसं. त्याच्यापायी सोत्ताच्या तोंडानं झोपलो हुतो म्हणला. आन् म्या ते ठरावात लिवलं, झोकदार अक्षरात.

म्हंजे? मीटिंगीत सांगू? सांगायचंच म्हणून तर तीन राती डोळ्याला डोळा न्हाय. पर दिव्याचं सांगितलं की पोत्याचं निघतंय, आन् पोत्याचं निघालं की सचिवपद गेलं, आन् लोक तोंडावर थुकत्याल ते निराळंच. तुमाला बोलाय काय जातंय.

काय? दिवे काढायचं मला कुणी सुचवलं? …त्यानंच. गोरोबानं. काल तिन्हीसांजंला आला हुता, हात गळ्यात बांधून. आत ये म्हणलं तर आला न्हाय, उंबऱ्याभाईरच हुबा. म्हणला, "दादा, उद्याच्या मीटिंगीआधी ते दिवे तेवढे काढून घ्या. कुणाची तरी नजर जाईल." आन् गेला. मी काय म्हणलो म्हंता? मी बरं म्हणलो.

पाना का ठिवला खाली? मिस्त्री, दुसरा ऱ्हायलाय अजून. त्यानंच सांगितलंय म्हणल्यावर तुमाला काय अडचण हाय? …न्हाय काढत? ऱ्हाऊ द्या मग, द्या तो पाना हिकडं. माझा मीच काढतो. सरका जरा. – हा नट डावीकडं फिरवायचा का उजवीकडं, एवढं तरी सांगा.