मला काही ऐकू आलं नाही

नाही, पण मी म्हणतो, चाकातून जरा कीं... झालं म्हणून माणसानं लगेच गॅरेज गाठायचं का? आमच्या पलंगातून होतं, सासूबाईंच्या गुडघ्यातून होतं, त्यांना नेतो का आपण गॅरेजला? दोन हजार एक साल, तुम्हाला सांगतो, माझी पहिली गाडी, सेकंडहँड, पण दर रविवारी मीच धुणार, दुसऱ्याला हात लावू देणार नाही, आणि बायको शेजारी बसून एकच... "अहो, ब्रेक दाबला की कीं होतंय." मी म्हटलं, सविता, मला काही ऐकू आलं नाही.

येत होतं हो ऐकू! नाशकात सीबीएसच्या सिग्नलला थांबलो की भेळवाला मान वर करून बघायचा. पण चालवतो कोण? मी. मग आवाज तिला आधी कसा येतो?

तिथंच द्वारका चौकात हबीबभाईंचं गॅरेज. मी नुसता हवा भरायला थांबलो, तर हातातला पाना खाली ठेवून म्हणाले, "साहब, ब्रेक के पॅड घिस गये. अंदर एक पत्ती रहती, वो चिल्लाने के वास्तेच रखेली है. चिल्ला रही तब तक टाइम है. एक दिन चुप होएंगी, फिर खर्र... फिर मत बोलना, हबीब ने बोला नहीं." असं बघत होते, जसे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बघतात. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणतो. असे अकरा आठवडे गेले. मधल्या काळात मी टेपचा आवाज वाढवला.

आणि एक दिवस कीं थांबलं. आपोआप! सविताला म्हटलं, बघ, झाली बरी. खालून बारीक खर्र... खर्र... पण मला काही ऐकू आलं नाही.

त्याच शनिवारी कल्याणला मेहुणीचा साखरपुडा, म्हणजे कसारा घाट आलाच. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर पेढ्यांचे पुडे. इगतपुरीला घाटनदेवीपाशी थांबलो, घाट उतरायच्या आधी ट्रकवालेसुद्धा थांबतात. सासूबाईंनी नारळ फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं, आणि पुढच्या चाकावर... चर्रर्र. वाफच निघाली. "पावली गं बाई," सासूबाई म्हणाल्या. मीपण हात जोडले. तुम्हीच सांगा, चाक तव्यासारखं तापलंय आणि मी त्याला नमस्कार करतोय! सविता नुसती चाकाकडे बघत उभी.

तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला, पाय गेला खाली, अजून खाली... गाडी आपली चाललीच आहे. लोखंडावर लोखंड, जळका वास, समोर लासलगावच्या कांद्याचा ट्रक, एका बाजूला दरी, मागे सासूबाई देवीला हाका मारतायत आणि मी विचार करतोय की आता टेप बंद करावा. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, रस्त्याच्या कामाची खडी पडली होती तिच्यात घातली गाडी, आणि थांबलो. भ्यायलो हो मी. सविताला काही झालं असतं तर... जाऊ द्या.

गाडी ओढत नाशकाला आणली, हबीबभाईंनी चाक खोललं. पॅड नाहीच, मागचा नुसता पत्रा, आणि डिस्कवर नांगर फिरवल्यासारखे चर. म्हणाले, "पॅड काडीपेटी की काडी जितना बचा, के बदलने का." एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता मी महिन्याच्या महिन्याला पॅड तपासून घेतो. तरी परवा, तुम्हाला सांगतो, शालिमारजवळ ब्रेक दाबला आणि... कीं. बारीक. अंगावर काटा आला. टेप बंद केला, काच खाली केली, सविताला म्हटलं, अगं, ऐकलंस? ती बाहेर बघत शांतपणे म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही."

तसाच गेलो द्वारकेला. हबीबभाईंनी चारही चाकं खोलली, स्वतः चक्कर मारून आले, किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यांनाही काही ऐकू आलं नाही. मग काय... चालवतो तशीच. रोज येतो आवाज, एकट्या मला.