कल्पिताची पाल

प्रणाली : म्हणूनच म्हटलं, फोनवर नको, समोर बसून सांगू. सर, तुमची पाल गेली.

दयाराम सर : गेली म्हणजे? मेली?

प्रणाली : ती मजेत आहे. फक्त वेगळी जात म्हणून उरली नाही. डोंगराच्या अलीकडची आणि पलीकडची, एकच निघाल्या.

कल्पिताकाकू : कुठली पाल? माझ्या नावाची?

दयाराम सर : तू चहाचं बघ.

कल्पिताकाकू : चहा उकळंल आपला आपण. माझं नाव निघालंय, मी हितंच बसणार.

प्रणाली : काकू, तुमच्या लग्नाच्या वर्षी सरांनी इथल्या कातळावर ती शोधली ना, नवी जात म्हणून?

कल्पिताकाकू : मला काय सांगतेस. सगळं श्रीवर्धन हळदीकुंकवाला म्हणायचं, पाल आली.

दयाराम सर : तिचा गळा पिवळा होता, प्रणाली. पलीकडच्यांचा करडा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

प्रणाली : अलीकडे तुम्ही चढलात पावसाच्या तोंडावर, पलीकडे थंडीत. विणीच्या दिवसांत नरांचा गळा पिवळा होतो, सर. नंतर उतरतो.

कल्पिताकाकू : म्हंजे माझ्या नावानं धरले ते सगळे बाप्ये?

दयाराम सर : नर होते हे मला ठाऊक होतं गं. रंग कायमचा असेल असं वाटलं.

कल्पिताकाकू : आणि बाप्याला बायकोचं नाव दिलंत.

दयाराम सर : नाव अख्ख्या जातीला असतं. प्रणाली, हाडं पाहिलीस?

प्रणाली : कवट्या स्कॅन केल्या, खवले मोजले, मांडीवरची छिद्रं मोजली. शेपटीच्या टोकातून डीएनए काढला. काहीच फरक नाही. वेगळी निघाली ती खाडीपलीकडची, आगरदांड्याच्या वरच्या डोंगरातली. ती खरंच नवी आहे.

दयाराम सर : तिला मीच जुन्या जातीत टाकलं होतं.

प्रणाली : हो सर. तेही या लेखात लिहिलंय. वाचा.

दयाराम सर : छान. काही ठेवलंस का माझं?

प्रणाली : नाव ठेवायचंय. तुमच्या नमुन्यांवाचून हे झालंच नसतं. माझ्या नावाशेजारी तुमचं हवं.

दयाराम सर : माझ्याच जातीच्या तेराव्याचं आमंत्रण मीच देऊ?

कल्पिताकाकू : द्या की. न्हायतर दुसरा कोण तरी देणार, आणि तुमचं नाव खाली बारीक अक्षरात.

दयाराम सर : 'हे वर्णन अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेले आहे.' असं लिहिलंस?

प्रणाली : तुम्हीच शिकवलंत. अपुरं असेल तर अपुरं लिहा, कोणाचं आहे ते बघू नका.

दयाराम सर : मागच्या बाकावर बसायला हवं होतंस तू.

(सर लेखाची पानं शेवटपर्यंत उलटतात, मग पुन्हा पहिल्या पानावर येतात.)

दयाराम सर : 'अपुऱ्या' काढ. 'एकाच मोसमातल्या' लिही. ते जास्त अचूक आहे. मग टाक माझं नाव.

प्रणाली : थँक्यू, सर.

दयाराम सर : कल्पिता, वाईट वाटलं का?

कल्पिताकाकू : कशाचं? मी तिला बघितली कुठंय? जन्मभर माझ्या नावानं हिंडली, तुमी एकदा न्हेलं न्हाय मला वर.

दयाराम सर : आता ती तुझ्या नावाची राहिली नाही.

कल्पिताकाकू : म्हणून काय झालं? हाय ना अजून तिथं?

दयाराम सर : आहे. पण त्या कातळावर चपलेनं चढता यायचं नाही. सकाळी माझे कॅनव्हासचे बूट घाल.