मोऱ्याची माळ माझ्या कमरेला

...आणि वर आमचे मालक मलाच बोलतात, "हौसे, तुझ्यापायी बैल उघड्या गळ्यानं हिंडला!" अवो, एक दिवस हिंडला तर त्याला काय सर्दी होणार हाय? तुमाला सांगते, याच्यात माझं काय चुकलं?

झालं काय, दोन हजार चार साल. वाशिंदला नव्या बिल्डिंगीत अंजू म्हणून एक पोरगी राहायला आली, मुंबईत डान्स शिकलेली. आमच्या महिला मंडळात येऊन म्हणते, "काकी, बेली डान्स करा, पोट कमी होतं." एवढंच कानात शिरलं बघा! सहा जणी लगेच तयार. घरी मालकांना सांगितलं, पापड शिकायला जाते. दोन महिने शिकत होते, घरात एक पापड आला नाय... पण त्यांनी इचारलं तरी का? नाय ना! मग माझं काय चुकलं?

आणि तो डान्स! अंजू म्हणायची, "खांदे नाय हलवायचे, पाय नाय हलवायचे, फक्त पोट!" आता माझं पोट काय एकटं राहतं होय? ते निघालं की पाठोपाठ सगळी भावकी निघते! पण जमलं हो. भाताला आधण येईस्तोवर चुलीपुढं उभ्या उभ्या दोन झटके मारून घ्यायचे.

तेवढ्यात अंजूनं मुरबाडच्या सांस्कृतिक महोत्सवात आमचं नाव दिलं. कमरेला वाजणारा पट्टा पायजे म्हणाली. तो मी कुठून आणू? गोठ्यात आमचा मोऱ्या बैल, त्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली. पोट उघडं नको म्हणून मालकांचा बनियन चहात बुडवून अंगाच्या रंगाचा केला. तोंडावर जाळीची ओढणी. देवानं ओळखलं नसतं!

संध्याकाळी मैदानात बघते तर ही गर्दी! आणि सगळे बापये! मी म्हटलं, आपलं एवढं नाव झालं? तर आमच्यातली सगळ्यात धाकटी दीपिका रडतच आली. बाहेर बोर्डावर पेंटरनं 'बेली'चं 'बैल' करून ठेवलेलं... 'आज पाच वाजता भव्य बैल डान्स!' अख्खा तालुका नाचरे बैल बघायला लोटलेला, आणि पहिल्या रांगेत, पाय पसरून, आमचे मालक!

मी तोंडावरची ओढणी सोडायला घेतली. "अंजू, मी नाय येत गो." तर ती डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "काकी, सहा जणींचा नाच पाच जणींत कसा करू?" गेले मग! पडदा उघडला. मागनं एक म्हातारा वरडला, "बैल कुठं हायत रे?" आणि नेमकी त्याच टायमाला कॅसेट गुंतली... क्यांव करून बंद! सहा बायका, उघडं स्टेज, पळायचं कुठं? भीतीनं माझ्या पोटाला कापरं भरलं आणि माळ वाजायला लागली, छुम छुम छुम! अंजू पडद्याआडनं हळूच म्हणते, "काकी, तेच चालू ठेवा!" चालू कसलं ठेवते, मला बंद करता येईना! आमच्या पाठचा नंबर भारुडवाल्यांचा, त्यांच्या महादूनं ढोलकी ओढली आणि असा ठेका धरला, की पाची जणी माझ्या माळेवर नाचल्या! शिट्ट्या काय, टोप्या काय! त्या गोंधळात मालक उठून उभे, "अरं, ही माझ्या मोऱ्याची माळ!" मग बनियन बघितला... मग पोट बघितलं... आणि मटकन खाली बसले. आता पब्लिक वन्स मोअर म्हणतं, आणि मी परत नाचले, माझं काय चुकलं?

येताना टेम्पोत माळ मालकांच्या मांडीवर. घरी येऊन त्यांनी ती बैलाला बांधली, पाणी प्यायले. मी म्हटलं संपलं, माहेरची पिशवी भरायला घेतली. तर दाराशी येऊन, इकडंतिकडं बघून, हळूच इचारतात, "हौसे... ते पोट कमी होतं म्हणतात, ते खरं हाय काय?"

तवापासनं रोज दिवेलागणीला पडवीचं दार लावून आमचा क्लास. मी म्हणते "हलवा," ते हलवतात. मी म्हणते "थांबा," तेबी थांबतात. मग पोट थांबायची वाट बघत आमी दोघं आपले उभे!