बिनचुन्याचं मडकं

डहाणूजवळच्या नीरा केंद्राच्या ओट्यावर सकाळी अकरा मडकी होती. दहांना आतून चुना फासलेला होता, अकराव्याला नव्हता. रस तपासणारा चंदर आत नळ्या धूत होता. बाहेर चिमण आणि काकड्या, दोघेही ताडावर चढणारे, रांगेत बसले होते.

"काकड्या, याला चुना नाय? ताडी होईल ना! पकडतील तुला."

"मी नाय काढला तो रस. लखमाच्या ताडाखाली मडकं भरलेलं होतं."

"तुझा भाऊ लखमा होळीला ताडावरून पडून मेला. डोकं फिरलं काय?"

"तू एका घोटात ताड ओळखतोस ना? मग चाख."

"आण. ...अरे, हा लखमाच्या त्या वाकड्या ताडाचाच! मागून तुरट लागतो. याच्यासाठी मी झाई गावाहून चालत यायचो."

"कोण चढलं मग?"

"चोर."

"बुंध्याला मी काटे बांधलेत. एक काटा हललेला नाय."

"आणि रस गळतो ती पोय? रोज तिचं टोक तासलं नाय तर सुकते ती."

"दोन महिने कोणी तासली नाय. चिमण, लखमा मडक्याला कधी चुना लावायचा नाय. चव मरते म्हणायचा."

"गप रे. होळीच्या आधीचं मडकं असेल."

"तसं असेल तर उद्या मी चढतो, तो ताड आता माझ्याकडे आलाय. रस ताजा निघाला तर लखमाचा ताड लखमालाच राहू दे. ओ साहेब, हा रस कधीचा ते सांगा."

चंदरनं तीनदा मोजलं. साखर बारा टक्के होती, आंब अजिबात नव्हती. रस उतरून दोन तासही झाले नव्हते.