साहेबांचं 'बघतो'

अरे, ऑफिसात परवानगी मागायची नाही, कळवायचं! चौऱ्याऐंशीत मुलुंडच्या कारखान्यात लागलो, तेव्हा माझं टेबल मशीनला लागून होतं. फोनवर साठ पेट्यांची ऑर्डर आली, मी ऐकलं आठ. वाट लागली!

"साहेब, टेबल खिडकीपाशी हलवू का?" तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "बघतो."

टायपिस्ट सावंतबाई म्हणाल्या, "विचारतोस कशाला रे? 'सोमवारी हलवतोय, हरकत असल्यास कळवावे' असं लिहून दे. नाही म्हणायचं तर त्यांना उत्तर लिहावं लागेल ना!"

चिठ्ठी दिली. उत्तर आलंच नाही. सोमवारी टेबल हलवलं, तर साहेब भडकले, "कोणाला विचारून?"

मी चिठ्ठीची कार्बन कॉपी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "बघतो."

त्याच खिडकीपाशी रिटायर झालो मी!