चन्नाप्पाची अर्धी मिशी

ख्वाजाभाई आणि चन्नाप्पाची पैज गल्लीतच लागली. सबिनाच्या चित्रकलेच्या एम.ए.च्या परीक्षेत शेजारचा बडबड्या चन्नाप्पा मॉडेल म्हणून दोन दिवस मुका बसणार. बोलला तर मिशी काढणार, असं ठरलं. पहिल्याच दिवशी ख्वाजाभाईनं पैज जिंकली. संध्याकाळी अख्खी गल्ली सोमेशच्या सलूनात घुसली. तिथं दाढीला आलेला परगावचा उजैर आता कान देऊन ऐकत होता.

"सोमेशदादा, वस्तरा ठेवा! चित्र अर्धंच झालंय. उद्या बिनमिशीचा मॉडेल बघून काय काढू?"

"सबिना, तू मधी पडू नगंस. ह्यो वर्गात बोलला का न्हाय?"

"ख्वाजाचाचा, तुम्हीच खिडकीतनं वरडलासा, 'चन्नाप्पा, म्हैस सुटली!'"

"आन् मी 'धरा तिला' म्हणलो. म्हशीपायी बोललेलं धरत न्हाईत!"

"तोंड उघडलं, चन्नाप्पा. खुर्चीत बस."

"चाचा, नापास झाले तर माझं वरीस जाईल!"

"थांबा. सबिना, मिशी किती रंगवलीस?"

"उजेडाकडची डावी झाली, दादा. उजवी उद्या."

"मग आज डावीच काढतो की!"

"आरं, अर्ध्या मिशीनं डेअरीवर जाऊ व्हय?"

"जा की. फकस्त बोलू नगंस."

"सोमेश, ह्या पावण्यांची पाळी हाय. आधी त्यांचं कर," चन्नाप्पानं उजैरकडं बोट केलं.

"न्हाय, न्हाय, तुमचंच होऊ द्या," उजैर घाईनं म्हणाला. "मी बसतो की निवांत."

चन्नाप्पा बसला. डावी मिशी पडली, शिट्ट्या झाल्या. दारातनं त्याची बायको बसव्वा वरडली, "उद्यापतोर माझ्याम्होरं उजव्या अंगानंच यायचं!"